आईने शेवटचं प्रकरण स्टेपल करून दिलं होतं (तुम्हाला रहस्यकादंबऱ्यांचं वेड कुणी लावलं?)

खिडकीतली:
बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज आई दुपारची झोपलीय तर लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी तेरा वर्षांची असताना पाय मोडला, नडगीचं हाड, सहा आठवडे प्लास्टर. हातात मोबाईल असण्याचा तो काळ नव्हता आणि मला वाचनाचं वेड वगैरे अजिबात नव्हतं, उलट पुस्तक उघडलं की झोप यायची. आई फार्मासिस्ट. दिवसभर हॉस्पिटलच्या औषधखिडकीमागे उभी राहायची आणि घरी आली की पाय वर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत रहस्यकादंबरी. ती पुस्तकं आम्हाला बंद होती असं नाही, पण ‘आईची’ पुस्तकं म्हणजे कंटाळवाणी असणारच, हा आम्हा भावंडांचा साधा हिशोब.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी किरकिर तिच्या सहनशक्तीपलीकडे गेली तेव्हा तिने एक पुस्तक आणून मांडीवर टाकलं. मागची पंचवीस-तीस पानं स्टेपल केलेली. उघडतात त्या कडेला तीन पिना, वर, मध्ये आणि खाली. मी म्हटलं हे काय? तर म्हणे, "तिथपर्यंत वाच. मग कोणी केलं ते कागदावर लिहून दे, आणि कशावरून तेही लिही. मग मी पिना काढते."

मी अर्थातच आधी पिनांच्या मधून डोकावायचा प्रयत्न केला. पानं वाकवून वाकवून "म्हणाला" आणि "दरवाजा" एवढे दोन शब्द दिसले, त्यावरून काही शोध लागण्यासारखा नव्हता. मग नाइलाजाने वाचायला घेतलं आणि दोन दिवसांत पिनांपर्यंत पोचले. चिठ्ठी लिहिली: सेक्रेटरीने केला. कारण, तो मला पहिल्यापासून आवडला नाही.

आईने चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "आवडला नाही हे कारण झालं? उद्या तू असं कोणालाही फासावर देशील." आणि पिना काढल्या नाहीत!! म्हणाली परत वाच, सगळं नको, फक्त ज्या ज्या पानावर कोणी किती वाजले ते सांगतंय तेवढीच पानं बघ. मी रडकुंडीला आले होते, पण करणार काय, पाय प्लास्टरमध्ये. पुन्हा वाचलं. आणि मध्यावर कुठेतरी घड्याळाबद्दल एक साधंसं वाक्य होतं, पहिल्या वेळी मी त्याच्यावरून सरळ चालत गेले होते, थांबलेसुद्धा नव्हते. आता वाचलं आणि अंगावर काटा आला. ते इतकं उघड्यावर ठेवलेलं होतं. लपवलेलं नव्हतंच.

खुनी मला तरीही ओळखता आला नाही, पण खोटं कोण बोलतंय ते बरोबर आलं, आणि तेवढ्यावर तिने पिना काढल्या. नखाने, एक एक करून, मुद्दाम हळू.

पुस्तकाचं नाव विचारू नका, घड्याळाचं सांगून बसलेय.

त्यानंतर सहा आठवड्यांत अकरा पुस्तकं झाली आणि प्लास्टर निघालं त्या दिवशी मला चक्क वाईट वाटलं. तुमच्यापैकी कोणाला हे वेड आईकडून किंवा बाबांकडून आलंय का? आणि कसं आलं? नुसतं "आमच्या घरी वाचायचे" असं नको, नीट सांगा.

टिपकागद:
वा, काय लिहिलंय. आणि तुमच्या आईच्या आधी ही आयडिया एका प्रकाशकाला सुचली होती हे तिला सांगा, आवडेल. अमेरिकेत हार्परने १९२९ पासून काही वर्षं ‘सील्ड मिस्टरी’ म्हणून कादंबऱ्या काढल्या होत्या, त्यात शेवटचा भाग कागदी पट्टीने बंद केलेला असायचा. पट्टीपर्यंत वाचून तुम्हाला राहवलं तर पुस्तक न फोडता परत करा आणि पैसे घेऊन जा! किती जणांनी परत केली असतील देव जाणे, मी तर म्हणतो हा माणसाच्या स्वभावावर लावलेला बिनधोक सट्टा होता.

त्याच साली एलरी क्वीनची पहिली कादंबरी आली. (एलरी क्वीन म्हणजे एक माणूस नाही, दोन चुलत... मामे... जे काय असेल ते, दोन कझिन मिळून लिहायचे.) त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत शेवटाच्या जरा आधी गोष्ट थांबते आणि वाचकाला सरळ आव्हान येतं की आता सगळे पुरावे तुझ्याकडे आहेत, सांग कोण. म्हणजे पिना छापूनच यायच्या.

माझ्याकडे वेड बाबांकडून आलं पण ते नंतर लिहितो, ऑफिसात आहे.

शेवटचंपान:
मी आता जे सांगणार आहे त्यावर लोक मला हाकलतील. आमचे बाबा शेवटचं पान आधी वाचायचे. नेहमी. नवीन पुस्तक हातात आलं की मागून उघडायचे, खुनी कोण ते बघायचे, मान डोलवायची, आणि मग पहिल्या पानापासून निवांत सुरुवात. मीही तसाच वाचतो. माझ्या आयडीवरून अंदाज आलाच असेल.

त्यांचं म्हणणं असं की कोणी केलं हे कळलं की डोक्यातली घाई जाते. मग लेखिका कशी फसवतेय ते बघता येतं. जादूगार दुसऱ्या हाताने काय करतोय ते बघायचं असेल तर पत्ता कुठला निघणार हे आधी माहीत पाहिजे. खिडकीतली, तुम्ही घड्याळाचं वाक्य दुसऱ्या वाचनात पकडलंत ना? आम्हाला ते पहिल्याच वाचनात दिसतं.

आणि त्यांचं एक होतं, स्वतः वाचतील पण आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही वाचत असताना समोर बसून आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांना पुस्तकापेक्षा त्यातच जास्त मजा यायची असं मला आता वाटतं.

घुबड_नं_१:
शेवटचं पान आधी वाचणारा माणूस आणि पायजमा आधी इस्त्री करून मग धुणारा माणूस एकच.

सरळरेघ:
मी उलट अनुभव लिहिते. माझ्या वडिलांनी मला हे वेड लागूच दिलं नाही. मी बारा वर्षांची असेन, एक जाड कादंबरी घेऊन चार दिवस बसले होते, शेवटची चाळीस पानं राहिली होती आणि ते जाता जाता म्हणाले, "अजून वाचतेयस? तो डॉक्टर करतो." आणि हसत हसत निघून गेले. त्यांच्या दृष्टीने गंमत. मी पुस्तक बंद केलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं एकही रहस्यकथा उघडली नाही. वर कुणी विचारलं तर ते "अगं ती गंमत होती" हेच सांगत राहिले.

त्यामुळे हे ‘आईने लावलेलं वेड’ वगैरे वाचताना मला थोडा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू.

खिडकीतली:
सरळरेघ, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. चाळीस पानं राहिलेली असताना! माझ्या आईने ऐकलं तर ती त्यांच्याशी बोलायला येईल.

@शेवटचंपान, तुमचे बाबा तोंडं बघायचे ते आवडलं. माझी आईपण मी वाचत असताना पुस्तकाच्या वरून बघायची, पण तिचं निराळं, मी कुठल्या पानावर आहे ते बघून ती गालात हसायची, आणि मग मला कळायचं की या पानावर काहीतरी आहे. मग मी तेच पान तीन तीन वेळा वाचायचे. कित्येकदा काहीच नसायचं. ती खोटंच हसायची.

जुनाट_चष्मा:
आमच्या पिढीत हे सरळ नव्हतं हो. रहस्यकथा म्हणजे वाया जाण्याची पहिली पायरी. माझे वडील स्वतः बाबूराव अर्नाळकरांचे भक्त, झुंजार आणि काळा पहाड म्हणजे घरातल्याच माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे मित्रांमध्ये, पण मी हात लावला की "आधी अभ्यास". मी त्यांच्या उशाखालून काढून वाचायचो आणि त्याच पानावर खूण ठेवून परत ठेवायचो. एकदा खूण चुकली. दुसऱ्या दिवशी उशाखाली दोन पुस्तकं होती. त्यावर आमच्यात आजतागायत एक शब्दही झाला नाही.

अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे पुरवठा कधी संपला नाही.

घुबड_नं_१:
"दुसऱ्या दिवशी उशाखाली दोन पुस्तकं होती"
चष्माकाका, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

कडीकुलूप:
माझे बाबा सुतार. त्यांना खून, खुनी, वारसाहक्क कशात रस नाही, त्यांना फक्त बंद खोली. म्हणजे दार आतून बंद, खिडकी आतून बंद, आत प्रेत आणि खुनी गायब, असं असेल तर ते पुस्तक वाचणार, नाहीतर बाजूला. गॅस्टन लरूची पिवळ्या खोलीची १९०७ सालची कादंबरी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि प्रत्येक प्रकरणानंतर कागदावर खोलीचा नकाशा, दार कुठे उघडतं, बिजागरी आत की बाहेर. "बिजागरी बाहेर असेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, पाच मिनिटांचं काम आहे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी दहा वर्षांचा असताना आम्ही दोघांनी दोऱ्याची युक्ती करून बघितली होती, कडीला दोरा बांधायचा, दाराच्या फटीतून बाहेर घ्यायचा, बाहेरून ओढून आतली कडी लावायची आणि मग झटका देऊन दोरा काढून घ्यायचा. बाथरूमच्या दारावर केलं. कडी लागली. दोरापण निघाला. मग लक्षात आलं की आता आत कोणीच नाही आणि दार आतून बंद आहे. बाबांनी बिजागऱ्या काढून दार उतरवलं, आणि उतरवताना इतके खूश होते की आईने ओरडून काही उपयोग झाला नाही.

ज्यांना यात रस असेल त्यांनी जॉन डिक्सन कारची ‘द हॉलो मॅन’ (१९३५) वाचा. त्यात सतराव्या प्रकरणात डिटेक्टिव्ह गोष्ट थांबवून बंद खोलीत खून करायच्या पद्धतींवर चक्क लेक्चर देतो, आणि वर म्हणतो आपण रहस्यकथेतली पात्रं आहोत, नाही असं सोंग कशाला आणा. ते प्रकरण बाबांनी इतक्यांदा वाचलंय की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं.

टिपकागद:
बिजागरीवाले बाबा जबरदस्त!

दोनमुलांचीआई:
हा धागा वाचून आजच स्टेपलर शोधला. माझा मोठा अकरा वर्षांचा आहे, वाचतो पण पटकन कंटाळतो. सुरुवात कशाने करू? खून वगैरे लगेच नको असं वाटतंय.

खिडकीतली:
लघुकथांपासून करा, कादंबरी नको. होम्सच्या छप्पन्न कथा आहेत आणि सगळ्यांत खून नाहीत. ‘द रेड-हेडेड लीग’ (१८९१) द्या, एक प्रेत नाही आणि तरी मुलाला "पण असं का करतील कोणी?" हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. लाल केसांच्या माणसाला रोज बसून विश्वकोश उतरवून काढायचा पगार मिळतो, बस, इतकंच सांगा आणि पुस्तक ठेवून निघून जा. तुम्ही समोर बसलात की तो वाचणार नाही.

आणि स्टेपलच करा, डिंक नको. आईने एकदा पिना संपल्या म्हणून डिंकाने चिकटवलं होतं, सोडवताना पान फाटलं आणि खुन्याचं आडनाव त्या फाटलेल्या तुकड्याबरोबर गेलं. आम्ही दोघींनी ते पुढच्या वाक्यांवरून शोधून काढलं, ती वेगळीच रहस्यकथा झाली.

शेवटचंपान:
फक्त ती ठिपक्यांच्या पट्ट्याची गोष्ट देऊ नका, त्यात साप दूध पितो आणि शिट्टी ऐकून दोरीवरून परत येतो, मुलगा शाळेत काहीतरी भलतंच सांगून बसेल.

खिडकीतली:
अहो!!!!

कडीकुलूप:
झालं. एका वाक्यात संपवली गोष्ट.

शेवटचंपान:
१८९२ सालची गोष्ट आहे हो! सव्वाशे वर्षं उलटून गेली, आता कसला स्पॉयलर.

दोनमुलांचीआई:
माझ्या मुलासाठी ती उद्याची गोष्ट आहे.

शेवटचंपान:
बरं, चुकलं. पण एक लिंक न देता सांगतो, २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या मानसशास्त्रवाल्यांनी लोकांना कथा वाचायला देऊन बघितलं होतं, काहींना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता, त्यात रहस्यकथाही होत्या. शेवट आधी कळलेल्यांना कथा एकंदरीत थोडी जास्तच आवडली. बाबा हयात असते तर फ्रेम करून लावलं असतं.

सरळरेघ:
त्या लोकांनी ती कथा चार दिवस उराशी धरली होती का? कोणीतरी हातात कागद देऊन वाच म्हटलं आणि त्यांनी वाचली. तुमच्या बाबांनी स्वतः ठरवून मागचं पान उघडलं, माझ्यासमोर ते दुसऱ्याने उघडलं. यात फरक नाही असं कुठलाही अभ्यास सांगत असेल तरी मी ऐकणार नाहीये.

शेवटचंपान:
हे मान्य. बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही ते बहुतेक याचसाठी.

टिपकागद:
जेवणाची सुट्टी झाली, आता लिहितो. पण माझ्या बाबांच्या आधी दुसऱ्या एका आईबद्दल, कारण धाग्याशी संबंध आहे. कॉनन डॉयल होम्सला कंटाळला होता, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, आणि १८९१ मध्येच त्याने आईला पत्रातून कळवलं की आता याला मारून टाकावं म्हणतो. आईने त्याला साफ मना केलं. त्या बाईमुळे होम्स आणखी दोन वर्षं जगला! शेवटी १८९३ मध्ये त्याने धबधब्यात ढकललाच, आणि मग वाचकांनी इतकं डोकं खाल्लं की दहा वर्षांनी परत आणावा लागला.

अगाथा ख्रिस्तीचंही तसंच. तरुणपणी आजारी पडून अंथरुणात कंटाळली होती तर आईने सांगितलं, मग गोष्ट लिही की. (खिडकीतली, तुमच्या प्लास्टरची आठवण आली.) आणि पुढे रहस्यकथा लिहिली ती मोठ्या बहिणीने "तुला नाही जमणार" म्हटलं म्हणून.

आता माझे बाबा. ते वाचायचे नाहीत. आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना त्यांना तिच्या सत्तर-ऐंशी रहस्यकादंबऱ्या सापडल्या आणि त्यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी उघडली, ती इतकी वर्षं रात्री दिवा लावून काय करायची ते बघायला. मग मला फोन. रोज. "तो माळी संशयास्पद वाटतो रे." मला माळी माहीत नसायचा, म्हणून मी तेच पुस्तक शोधून वाचायला लागलो, नाहीतर बोलणार काय त्यांच्याशी. आमच्यात आधी फोनवर "बरा आहेस ना, बरा आहे" याच्या पुढे काही नव्हतं. आता माळी असतो, पुतण्या असतो, बदललेलं मृत्युपत्र असतं. मला वेड लागलं ते असं, चाळिशीत.

घुबड_नं_१:
मी या धाग्यावर फक्त टवाळी करायला आले होते, आता काय करू.

जुनाट_चष्मा:
टिपकागद, बाबांना नमस्कार सांगा. माळी सहसा नसतो म्हणावं.

खिडकीतली:
आई उठली, तिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बिजागरीवर ती बराच वेळ हसली. सरळरेघच्या वडिलांबद्दल जे म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही.

तिच्या आग्रहावरून विषांबद्दल लिहिते कारण आमच्या घरातलं निम्मं वेड ते आहे. आईची रहस्यकादंबरी तपासायची एकच कसोटी, विष बरोबर आहे का. कोणी कॉफीचा घोट घेतला आणि कप हातातून पडायच्या आत मेला की ती पुस्तक मिटवायची. "असं लगेच नाही मरत माणूस. याने कधी डोस बघितला तरी आहे का?" ख्रिस्तीवर तिचा जीव आहे तो म्हणूनच, ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करायची, त्याची परीक्षाही दिली होती, आणि तिथेच काम करता करता पहिली कादंबरी लिहिली जी १९२० मध्ये आली. त्यातलं विष इतकं चोख आहे की औषधवाल्यांच्या जर्नलने पुस्तकाची दखल घेऊन कौतुक केलं. आईच्या मते नोबेल वगैरे ठीक आहे, पण फार्मसीच्या जर्नलने चांगलं म्हणणं म्हणजे काहीतरी.

ख्रिस्तीच्या आत्मचरित्रातला एक किस्सा तर आईने मला इतक्यांदा सांगितलाय. ज्या औषधवाल्याकडे ती शिकत होती त्याने एकदा दशांशचिन्ह चुकवलं आणि दहापट डोस घालून सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या वड्या) बनवल्या. हिला कळलं, पण शिकाऊ मुलीने साहेबाला चूक कशी दाखवायची? तर हिने ठेच लागल्याचं नाटक करून तो सगळा ट्रे पाडला आणि वरून पाय देऊन मोकळी झाली. आई हे सांगताना दर वेळी पाय आपटून दाखवते. तिच्याही नोकरीत एकदा असं काहीतरी झालं होतं असा माझा संशय आहे पण ती कबूल करत नाही.

रोनाल्ड नॉक्स म्हणून एक पाद्री होते, तेही रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा नियम केले. गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, योगायोगाने डिटेक्टिव्हचं काम भागवू नको, असले. त्यातला चौथा नियम, अजून शोधच न लागलेलं विष वापरायचं नाही, हा आईने कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलाय. बाकीचे नऊ तिला किरकोळ वाटतात.

आणि शेवटची एक खरी घटना, पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही कारण दिलं तर पुस्तक फुटेल. १९७७ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात एक लहान मूल दाखल झालं होतं, खालावत चाललेलं, डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक नर्स तेव्हा ख्रिस्तीची एक कादंबरी वाचत होती आणि तिच्या लक्षात आलं की मुलाची लक्षणं पुस्तकातल्यासारखी आहेत, केसही गळायला लागले होते. थॅलियम, एक विषारी धातू. तपासलं तर खरंच थॅलियम निघालं आणि मूल वाचलं. आईने हे मला सांगितलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि वर तिने विचारलं, "आता सांग, या वाचनाला टाइमपास म्हणणाऱ्या तुझ्या आत्याला काय उत्तर द्यायचं?"

कडीकुलूप:
आत्याला काय उत्तर दिलंत?

खिडकीतली:
आत्याला पुस्तक दिलं. पिना मारून.

सरळरेघ:
मला एक विचारायचंय, भांडायला नाही. खुनी आधीच माहीत असेल आणि तरी मजा येईल असं लिहिलेलंच काही असतं का? म्हणजे लेखकानेच सांगून टाकलंय, मग कोणी येऊन फोडायचा प्रश्नच नाही.

टिपकागद:
असतं की! खून कोणी केला ते आपल्याला पहिल्यापासून दिसतं आणि मग तो कसा पकडला जाईल ते बघायचं. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ मध्येच अशा कथांचं पुस्तक काढलं होतं. आताचं हवं असेल तर केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, जपानीत २००५ ची, इंग्रजीत मिळते. खुनी तुम्हाला सुरुवातीलाच कळतो. तरीसुद्धा शेवटाबद्दल कोणाशीही बोलू नका, विशेषतः वडिलांशी.

शेवटचंपान:
हे पुस्तक मी मागून वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. सरळरेघ, समोरून वाचा.

सरळरेघ:
तुमच्याकडून हा सल्ला म्हणजे काहीतरी असणार. बघते. वचन देत नाही.

दोनमुलांचीआई:
अपडेट: लाल केसांची गोष्ट दिली, शेवटची दोन पानं पिना मारून. चिठ्ठी आली आहे. "दुकानदार मूर्ख आहे. नोकराचे गुडघे का बघितले ते मला कळलं आहे पण मी सांगणार नाही आधी पिना काढ." मी नाही काढल्या, "आधी कारण लिही" म्हटलं. आता तो धाकट्याला घेऊन खोलीत बसलाय आणि दार आतून लावलंय.

कडीकुलूप:
बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?

खिडकीतली:
हे वाचून दाखवल्यावर आईने टाळ्या वाजवल्या!

आता शेवटचं. आईला गेल्या वर्षापासून नीट दिसत नाही, मोठी अक्षरंसुद्धा पुसट दिसतात, डॉक्टर म्हणतात यापेक्षा सुधारणा नाही. काही महिने तिने पुस्तकांचं नावच काढलं नाही. मग ऑडिओबुक लावून दिलं तर पहिल्या दिवशी भांडण, कारण वाचणारा माणूस खुन्याचे संवाद जरा जास्तच गोड आवाजात वाचतो म्हणे, त्याने सगळं फोडलं. (तिचं बरोबर निघालं.) शिवाय मागचं पान उलटून तपासता येत नाही, कोण किती वाजता कुठे होतं ते बघायला जायचं कसं.

म्हणून आता मीच वाचते, रात्री, मोठ्याने, आणि ती मध्येच हात वर करून थांबवते, "मागे जा, जिना चढताना काय म्हणाला तो?" मी मागे जाते. शेवटच्या प्रकरणाला आले की पुस्तक मिटते आणि कागद-पेन घेऊन बसते. पहिल्यांदा केलं तेव्हा ती जाम चिडली होती. "मला तेवढं तरी वाचून दाखव, म्हातारीला छळतेस." मी म्हटलं, कशावरून तेही सांग, नुसतं नाव चालणार नाही.

काल एकोणिसावं प्रकरण संपलं. आईचा अंदाज: बहीण, कारण तिने सांगितलेला डोस त्या आजाराला कोणी देतच नाही. माझा अंदाज: वकील, कारण तो मला पहिल्यापासून आवडलेला नाही, आणि हो, मला माहीत आहे हे कारण झालं नाही. उद्या रात्री वाचणार आहोत. एवढ्यावरून कोणी पुस्तक ओळखलं असेल तर कृपया, हात जोडून, गप्प बसा.

शेवटचंपान:
ओळखलं. गप्प बसलोय.